सलमाच्या नदीवर जायचं राहिलं

अन्वर,

तुला माती देऊन आज अकरा दिवस झाले. तीन मुठी मीही दिल्या. कशा द्यायच्या ते तुझा धाकटा भाऊ शेजारी उभा राहून सांगत होता. तिसऱ्या मुठीला माझा हात थांबला. मागं लोक खोळंबले होते, म्हणून टाकली. तेव्हापासून मी कुणाशी धड बोललेलो नाही. दामले रोज फोन करतात, मी 'बरा आहे' म्हणतो आणि ठेवतो. वाघोलीहून विलास दोनदा येऊन गेला. माझ्यासमोर खुर्चीवर बसला, दोन्ही वेळा चहा पिऊन उठून गेला.

म्हणून तुलाच लिहितोय. शेवटचे दोन महिने तू माझ्याशी बोलत नव्हतास, तेव्हा तुझ्याकडून उत्तर न येण्याची सवय मला झालेलीच आहे.

तू फॅक्टरीत टर्नर होतास आणि मी स्टोअरमध्ये क्लार्क, एवढंच आपलं नातं राहिलं असतं. पण एका दुपारी तू स्टोअरच्या खिडकीशी आलास आणि विचारलंस, "साहेब, तुमच्याकडं बारीक तार मिळेल का? सरकारी कामासाठी नकोय, म्हणून आधीच खरं सांगतो." मी विचारलं, कशाला? तू म्हणालास, "मासा दोरी तोडतो." मी तार दिली नाही. नियमात बसत नव्हतं. तू हसून निघून गेलास आणि रविवारी सकाळी माझ्या क्वार्टरच्या दारात उभा राहिलास. "तार नाही दिलीत, निदान मासा तरी बघायला चला." मी चप्पल घातली आणि निघालो. तेव्हा मुळा नदीच्या काठी बसता यायचं. तू मला कणकेचा गोळा गळाला कसा लावायचा ते शिकवलंस, आणि मी पहिल्याच दिवशी गळ स्वतःच्या अंगठ्यात रुतवून घेतला. ती खूण अजून आहे.

शांता गेली तेव्हाचं तुला कधी बोललो नाही. सहा वर्षं झाली. लोक यायचे, माझ्या बायकोविषयी चांगलं बोलायचे, मी मान डोलवायचो. तू आलास तो तिसऱ्या की चौथ्या रविवारी. म्हणालास, "ऊठ." पानशेतच्या पाण्यावर नेलंस. दिवसभर शेजारी बसलास आणि एक शब्द बोलला नाहीस. पुढच्या रविवारी पुन्हा. असं चार-पाच महिने. एकदा माझ्या गळाला मरळ लागली आणि मी रडायला लागलो. तू मासा सोडवलास, पिशवीत टाकलास, आणि तुझा रुमाल न बघताच माझ्याकडं सरकवलास. मी जगलो तो त्या रविवारांवर. हे तुला सांगायला हवं होतं. तुझं तोंड बघितलं की मला टोमणाच सुचायचा.

दामले आणि विलास त्यानंतर आपल्यात आले. दामले कॉलेजात शिकवायचे, अंड्यालासुद्धा शिवत नाहीत, आणि तरी दर रविवारी पेपर घेऊन आपल्यामागं झाडाखाली बसायचे. विलासची वाघोलीतली जमीन गेली, तिथं त्यानं पोरांसाठी हॉस्टेल बांधलं, आणि रविवारी तिथल्या तक्रारींपासून पळून यायला त्याला जागा हवी होती. अशी आपली चौघांची टोळी.

मग गेल्या वर्षी सलमानं तो व्हिडिओ पाठवला. आपली सलमा, तुझी लेक, खराडीत नोकरी करता करता कॅनडात गेली, आणि तिथं नदीकाठच्या एका गावात राहिली. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं एप्रिलमध्ये, नदीवरचा बर्फ नुकताच फुटल्यावर, होडीतून एक मासा धरला होता. स्टर्जन. माणसाएवढा लांब, पाठीवर हाडांच्या चकत्या, तोंडाशी मिशा, दात एकही नाही. शंभरी गाठणारा मासा. तो व्हिडिओ तू भाजीवाल्याला दाखवलास, दवाखान्यात रांगेतल्या लोकांना दाखवलास, मला तर रोज दाखवलास. "प्रभ्या, बघ. हा जन्मला तेव्हा माझे आजोबा शाळेत असतील." आणि सगळ्यात जास्त आनंद तुला कशाचा झाला होता, तर त्याला लावतात गांडूळ. "साधं गांडूळ, प्रभ्या! एवढं लांब जायचं आणि पुन्हा गांडूळच!"

त्या नदीचं नाव आपल्यापैकी कुणालाच नीट म्हणता येईना. विलासनं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाला, "जाऊ द्या. सलमाची नदी हाय ती." तेव्हापासून ती सलमाची नदी.

पुढचे सहा महिने तुझ्या गच्चीवर रविवारी सकाळी दुसरा विषय नव्हता. जायचं एप्रिलच्या शेवटी, बर्फ फुटला की. तू शाळकरी वही घातलीस, तिच्यात चार नावांची चार पानं. कुणाचा पासपोर्ट झाला, कुणाला कानटोपी हवी, कुणाच्या गुडघ्याचं काय. पाणी कसं असेल, होडीत चौघं मावतील का, परवाना कुठं काढायचा, सगळं तू सलमाला विचारून लिहून ठेवायचास. भाभी चहा आणून म्हणायच्या, "एवढा अभ्यास शाळेत केला असता तर कलेक्टर झाले असते."

आणि आपलं ते भांडण. तिथला नियम असा की मासा धरायचा, बघायचा आणि परत सोडायचा. मी म्हणालो, जो खायचा नाही तो धरायचा कशाला? तू म्हणालास, "अरे तू बुद्धाचा माणूस. सोडून द्यायला तर तुला जास्त आवडायला पाहिजे." मी म्हणालो, "सोडायचंच असेल तर मी इथूनच सोडतो, तिकडं कशाला येऊ?" दामल्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडायची, थंडीत कुडकुडायचं, माशाला वर ओढायचं, त्याला आपला चेहरा दाखवायचा आणि परत पाठवायचं. यात माशाचा काय फायदा?" तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. तो ठसका मी ऐकला होता, अन्वर. त्या वेळी तो मला नुसता ठसका वाटला.

मग तू म्हणालास ते मला शब्दाला शब्द आठवतंय. "खाल्लेला मासा संध्याकाळपर्यंत संपतो रे. सोडलेला तिथं असतो. मी मेल्यावरसुद्धा तो तिथं पोहत असेल, आणि त्याला एकदा माझा हात लागलेला असेल." मी काय म्हणालो? "पुरे, चहा गार होतोय." त्याला काहीतरी खरं उत्तर द्यायला हवं होतं. मी तुझं बोलणं उडवून लावलं, कारण ते मला पटलं होतं.

दिवाळीनंतर तू कवायत सुरू केलीस. सलमाच्या शेजाऱ्यानं कळवलं होतं की असा मासा अर्धा-अर्धा तास ओढतो, हाताला सवय हवी. विलासनं जाड रॉड आणला. तू वीस लिटरचा पाण्याचा जार त्याच्या दोरीला बांधून दोन मजले खाली अंगणात सोडलास आणि तो गच्चीवरून वर ओढायचा. पहिला विलास. मग मी, अर्ध्यात सोडून दिला. दामले म्हणाले, "मी नैतिक पाठिंबा देतो." मग तू. तू जार कठड्यापर्यंत आणलास. आम्ही टाळ्या वाजवल्या. तू रॉड खाली ठेवलास आणि तिथंच, टाकीला टेकून बसलास. चेहरा राखेसारखा. ओठ निळसर. विलास आणि दामले जार आत घ्यायला वाकले होते. त्यांनी नाही बघितलं. मी बघितलं.

"ऊन लागलं," तू म्हणालास.

"नोव्हेंबरात?"

"मग थंडी लागली. तुला काय हवं ते समज."

दुसऱ्या दिवशी भाभींना बँकेत जातो सांगून तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडं आलास. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती, त्यामुळं हृदयावर ताण येत होता. डॉक्टर भले माणूस होते, त्यांनी घाबरवलं नाही. आधी ऑपरेशन करा, मग विश्रांती, पुढच्या वर्षी कुठंही फिरा म्हणाले. पण या वर्षी एवढा लांबचा विमानप्रवास, थंडी, वजन ओढणं, यातलं काही नाही. तू कागद नीट घडी करून खिशात ठेवलेस. बाहेर रस्त्यावर आल्यावर माझा दंड धरलास.

"हे कुणाला कळता कामा नये. एप्रिलनंतर ऑपरेशन करतो. शब्द दे."

"अन्वर, ते काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. पुढच्या वर्षी मी चौऱ्याहत्तरचा असेन, आणि भूल देऊन टेबलावर घेतलेला माणूस परत उठतोच असं नाही. मला एकदा ती नदी बघू दे. शब्द दे, प्रभ्या."

मी शब्द दिला.

तीन आठवडे पाळला. त्या तीन आठवड्यांत तू जास्तच जोमात होतास. कानटोप्या आल्या. विलासनं स्वतःसाठी इतकं जाड जाकीट आणलं की ते घातल्यावर त्याचे हात खाली येईनात. मी हसायचो, आणि तू जिना चढून आलास की तुझा श्वास मोजायचो. घरी गेलो की मला तू होडीत दिसायचास. पाण्यात बर्फाचे तुकडे, हातात रॉड, आणि तू मागं कलंडतोयस, आणि मी तिथं, ज्याला हे सगळं आधीच माहीत होतं.

मग सलमाचा फोन आला. तुझ्यासाठी पाणी न शिरणारे बूट घेत होती. "काका, अब्बांच्या पायाचं माप सांगाल? त्यांना विचारलं तर म्हणतात सरप्राइज नको, मी येऊन घेतो." व्हिडिओवर तिच्यामागं खिडकी होती, खिडकीत पांढरी झालेली नदी. ती नुसती बूटच विचारत होती, अन्वर. मी तिला माप सांगितलं. आणि मग बाकीचंही सांगितलं.

आज एक गोष्ट कबूल करतो, जी तुला तेव्हा केली नाही. तुझ्या जिवाची काळजी होती म्हणून सांगितलं, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. तुला तिथं काही झालं असतं तर भाभींसमोर, सलमासमोर मी उभा राहिलो असतो, सगळं ठाऊक असलेला माणूस म्हणून. ते ओझं मला नको होतं. ते मी माझ्या मानेवरून काढून एका पोरीच्या मानेवर ठेवलं. ती एकटी तिकडं बर्फात, आणि मी इकडं हलका झालो. फोन ठेवल्यावर मला त्या दिवशी भूक लागली होती. ही लाज मी कुणालाच सांगितलेली नाही.

सलमानं त्याच दिवशी तुला फोन करून सांगितलं, तुम्ही यायचं नाही. रडली, ओरडली, शेवटी म्हणाली, आलात तर मी विमानतळावर घ्यायला येणार नाही. सगळं रद्द झालं. संध्याकाळी मी तुझ्या दारात आलो. वाटलं, तू शिव्या देशील. तुझ्या शिव्या मी चाळीस वर्षं खाल्ल्यात, त्या मला पचतात. तू दार उघडलंस, बाजूला झालास आणि म्हणालास,

"या. बसा आपण."

आपण! फॅक्टरीच्या खिडकीशी पहिल्या दिवशीसुद्धा म्हणाला नव्हतास, तिथं नुसतं 'तुम्ही' होतं. भाभी आतून बाहेर आल्या, तुझ्याकडं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. "प्रभाकरभाऊंना चहा दे," तू म्हणालास, "साखर त्यांना चालते का विचारून घे." माझ्या चहात किती साखर लागते हे तुझ्या घरातल्या मांजरीलाही माहीत होतं. मी चहा प्यालो. तू पेपर वाचत बसलास. निघताना एकदाच मान वर केलीस.

"आपण मला म्हातारा केलंत," म्हणालास. "आजपर्यंत नव्हतो."

नंतर दर रविवारी मी येत राहिलो. तू दर रविवारी मला बसा म्हणालास, घ्या म्हणालास, या म्हणालास. दामल्यांशी बोलायचास, विलासशी बोलायचास, मी काही विचारलं तर त्यांच्याकडं बघून उत्तर द्यायचास. दामल्यांनी एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. "अन्वर, या माणसानं तुमचा जीव वाचवलाय." तू म्हणालास, "हो ना. विचारून वाचवला असता तर बरं झालं असतं."

ते बरोबरच होतं. मी तुझ्याकडं येऊन म्हणायला हवं होतं, अन्वर, मला हा शब्द पाळवत नाही, तू सांग नाहीतर मी सांगतो. तुझ्या तोंडावर बोलायचं धाडस मला झालं नाही. ऑपरेशनला जानेवारीत तू तयार झालास, ते मला विलासकडून कळलं. भाभी आता सांगतात की तू सलमाला फोनवर रोज विचारायचास, पुढच्या वर्षी बर्फ कधी फुटेल? आणि ती म्हणायची, अब्बा, आधी ऑपरेशन.

शेवटच्या रविवारी मी ठरवून आलो होतो की माफी मागायची. दामले आणि विलास नव्हते. आपण दोघंच. मी रस्ता कुठं कुठं खणलाय त्याविषयी बोलत राहिलो. तू हुं हुं करत राहिलास. उठलो तेव्हा तू माझ्यामागं दारापर्यंत आलास, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. खालच्या बाईंनी जिना धुतला होता.

"पायऱ्या ओल्या आहेत," तू म्हणालास. "जपून उतरा."

मी जपून उतरलो. वळून बघितलं नाही. वाटलं, पुढच्या रविवारी बोलू.

गुरुवारी सकाळी तू खुर्चीत बसून मोजे घालत होतास, रक्ताच्या तपासणीला जायचं होतं. ऑपरेशन आठ दिवसांवर होतं. एक मोजा पायात, एक हातात. भाभींनी चहा आणला तेव्हा तू गेलेला होतास. मी पोचलो तेव्हा तो मोजा अजून तुझ्या मुठीत होता. तो कुणी काढला मला माहीत नाही.

डॉक्टरांना विचारलं मी. तुझ्या पश्चात जाऊन, त्यांच्या खोलीबाहेर दोन तास बसून विचारलं. ऑपरेशन लगेच नोव्हेंबरात झालं असतं तर? ते म्हणाले, "अशा 'तर'ला उत्तर नसतं, आजोबा. तुम्ही सांगितलंत ते योग्यच केलंत." मी त्यांना म्हणालो, माझी चूक सांगण्यात नाही, सांगायला तीन आठवडे लावण्यात आहे. आणि विमानात बसवलं असतं तर कदाचित तू नदी बघितली असतीस, हेही आहे. दोन्ही बाजूंनी मी चुकलोच. लवकर सांगितलं असतं तर तू वाचला असतास, सांगितलंच नसतं तर तू तिथं पोचला असतास. मी मधोमध सांगितलं आणि तू ना नदीवर गेलास ना टेबलावर.

सलमा शनिवारी पोचली. तुमच्यात मातीसाठी कुणाची वाट बघत थांबत नाहीत, तेव्हा तुझं तोंड तिला दिसलं नाही. दोन दिवस ती तुझ्या खोलीत बसून होती. तिसऱ्या दिवशी गच्चीवर आली, तो जार अजून तिथंच पडलाय, त्याच्याकडं बघत म्हणाली, "काका, मी त्यांना काय बोलले माहितीये ना? घ्यायला येणार नाही म्हणाले." मी म्हणालो, बेटा, ते रागातलं होतं. ती म्हणाली, "ते त्यानंतर माझ्याशी नदीचं सोडून दुसरं काही बोललेच नाहीत. जेवलीस का पण नाही विचारलं. दोन महिने." मग विचारलं, "तुमच्याशी बोलायचे?"

मी म्हणालो, "मला 'आपण' म्हणायचा."

तिला त्याचा अर्थ बरोबर कळला.

काल तिनं मला फोन करून बोलावून घेतलं. कबरस्तानात जायचं म्हणाली. तुमच्या घरातल्या बायका आत जात नाहीत, भाभींनी तिला तसं बजावलं होतं, आणि तिला आत्ता आईचं मन मोडायचं नव्हतं. आम्ही रिक्षानं गेलो. ती फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबली. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात काही नाही.

"काका, तुम्ही आत जा," म्हणाली. "त्यांना सांगा, मी चुकले. सांगा, सलमा घ्यायला आली असती. नाही म्हणाले होते, तरी आले असते."

मी आत आलो. तुझी माती अजून वर आहे, बसलेली नाही. बाजूला तुझ्या भावानं पाणी शिंपडलं होतं, ते वाळलं होतं. मी तुला तिचा निरोप सांगितला, जसाच्या तसा. मग माझंही सांगितलं, जे वर लिहिलंय ते सगळं, त्या भुकेचंसुद्धा. मोठ्यानं बोललो. दोन कबरी सोडून एक माणूस फातेहा म्हणत होता, तो थांबला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुरू झाला. मी बराच वेळ उभा राहिलो. पाय भरून आले तसा खाली बसलो. तुझ्याशेजारी बसायची सवय आहे मला, काही न बोलता. पण त्या वेळी तू शेजारी असायचास, अन्वर.

बाहेर आलो तेव्हा सलमा तिथंच होती, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि लहानपणी तुझ्या हातातल्या पिशवीकडं बघून विचारायची तसं विचारलं,

"काय म्हणाले अब्बा?"

क्षणभर वाटलं, सांगावं, माफ केलं म्हणाला. तिला तेच हवं होतं. मलाही तेच हवं होतं. पण तुझ्या नावावर मी आता काहीही तुला न विचारता करणार नाही.

"काही नाही बोलला," मी म्हणालो. "अजून रागावलाय."

तिचा चेहरा आधी चुरगळला. मग रडता रडता ती हसायला लागली, माझ्या बाहीला धरून, रस्त्यावरचे लोक बघेपर्यंत.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "अब्बाच आहेत ते."